सरपंचपदाचा लिलाव आणि जागरूक मतदार

(सायखेडा, ता. निफाड येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानावरून)

लिलाव म्हणजे काय, हे सायखेड्याला समजावून सांगण्याचे कारण नाही. गोदाकाठच्या या बाजारपेठेत कांद्याची वाहने रांगेने उभी राहतात, व्यापारी माल पाहतात, चढ्या आवाजात बोली लागते आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत भाव ठरतो. भाव पडला तर मने कडू होतात, क्वचित लिलाव बंदही पाडले जातात. तरीही माल शेतकऱ्याचा आहे आणि तो विकायचा की परत न्यायचा हे त्यानेच ठरवायचे आहे, याविषयी कोणाचे दुमत नसते.

कांद्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका गावी, देवळा तालुक्यातील उमराणे येथे, २०२० च्या अखेरीस निराळाच लिलाव झाला. राज्यातील १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या होत्या आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान व्हावयाचे होते. उमराण्यात सरपंचपदासाठी जाहीर बोली लागली आणि ती २ कोटी ५ लाख रुपयांपर्यंत गेली. हा पैसा गावच्या मंदिराच्या कामासाठी खर्च व्हावयाचा होता. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथेही ४२ लाखांची बोली झाली.

अशा बोली गावोगाव पूर्वीही झाल्या असतील. त्यांचा बोभाटा पारापलीकडे जात नसे. या वेळी मात्र बोलीचे चित्रण मोबाइलवरून पसरले. ते हजारो लोकांनी पाहिले, वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने उचलून धरले आणि राज्य निवडणूक आयोगाला त्याची दखल घेणे भाग पडले. आयोगाने केवळ चित्रफितीवर विसंबून निर्णय दिला नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. जिल्हाधिकारी, निवडणूक निरीक्षक, उपविभागीय अधिकारी व तहसीलदार यांचे अहवाल मागविण्यात आले, कागदपत्रे आणि चित्रण तपासण्यात आले. त्यानंतर, मतदान अवघ्या दोन दिवसांवर आले असताना, दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द करण्यात आली.

यात वाईट ते काय झाले, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ आहे असे नाही. निवडणुकीत पैसा उधळला जातो, भाऊबंदकी पेटते, वर्षानुवर्षे बोलणे बंद होते. त्यापेक्षा तोच पैसा देवळाला लागला आणि निवड बिनविरोध झाली, तर गावाचे कल्याणच नाही का? शासनानेही गावातील तंटे सामोपचाराने मिटावेत यासाठी २००७ पासून मोहीम राबविली. बिनविरोध निवडीबद्दल तर ग्रामीण भागात सार्थ अभिमान असतो.

परंतु एकमत निराळे आणि खरेदी निराळी. चारचौघांनी बसून योग्य माणूस हेरणे, इतरांनी त्याच्यासाठी स्वखुशीने माघार घेणे, हे एकमत होय. बोलीमध्ये योग्यतेचा प्रश्नच निघत नाही; ज्याची थैली मोठी त्याचे पद. शिवाय त्या वेळी सरपंच निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडला जात असे. म्हणजे पदाचा सौदा पुरा करावयाचा, तर प्रभागाप्रभागांतील इच्छुकांना आधी थोपविणे ओघानेच आले. एखाद्या भूमिहीन कुटुंबातील शिकलेल्या सुनेला किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला अर्ज भरावासा वाटला, तर त्यांनी कोणत्या धैर्याने भरावा? देवळाचे काम अडविले, हा ठपका त्यांच्यावर आलाच म्हणून समजावे. कायद्याने हे ओळखले आहे. उमेदवार म्हणून उभे राहणे, उभे न राहणे, माघार घेणे, मत देणे वा न देणे, या सर्वांना मिळून निवडणूकविषयक हक्क म्हटले जाते. त्यासाठी लाच देणे वा दडपण आणणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेनुसार गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनुसारही तो गुन्हाच आहे. २०२२ मध्ये सरपंचाची थेट निवड पुन्हा सुरू झाली, तरी या प्रश्नाची धार बोथट झालेली नाही. कांदा शेतकऱ्याचा असतो. उमराण्यात बोलीला निघालेले पद मात्र बोली लावणाऱ्यांपैकी कोणाच्याच मालकीचे नव्हते.

चित्रण पसरविणे हे नागरिकाचे हत्यार झाले खरे, पण ते दुधारी आहे. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्यांचा बळी घेतला. ती अफवाही मोबाइलवरूनच फिरत होती. निवडणुकीच्या हंगामात जुनी चित्रफीत नव्या गावाच्या नावावर खपविणे तर फारच सोपे. म्हणून मिळालेले चित्रण दहा गटांत ढकलण्यापूर्वी ते चौकशी करू शकणाऱ्या अधिकाऱ्याकडे पोहोचविणे अधिक मोलाचे ठरते.

तशी सोय आता आहे. लोकसभा व विधानसभा निवडणुकांसाठी भारत निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ‘सी-व्हिजिल’ हे अ‍ॅप सुरू केले. आचारसंहितेचा भंग होताना दिसला की छायाचित्र किंवा दोन मिनिटांपर्यंतचे चित्रण त्यातून पाठविता येते. स्थळ आपोआप नोंदले जाते. आधी साठवलेले चित्र मात्र स्वीकारले जात नाही, आणि जुन्या चित्रफितींवरचा हा साधा पण चोख उपाय म्हणावा लागेल. तक्रारीचा निकाल १०० मिनिटांत लागावा, अशी योजना आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने २०१७ मध्ये ‘कॉप’ नावाचे स्वतंत्र अ‍ॅप आणले होते. ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य आयोगाच्या कक्षेत येते, त्यामुळे तिच्याविषयीची तक्रार त्या यंत्रणेकडे किंवा तहसीलदारांकडे जावयास हवी. हा भेद अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसतो. शिक्षकांनी तो वर्गात नव्हे तरी पालकसभेत अवश्य सांगावा.

यंत्रणा कितीही तत्पर असली तरी तक्रार करणारा माणूस गावातच राहतो. त्याची शेती बांधाला बांध लागून असते, पाण्याची पाळी शेजाऱ्याच्या संमतीने मिळते, लग्नकार्याला त्याच चार घरांची माणसे लागतात. शहरातील नागरिक चित्रण पाठवून गर्दीत मिसळून जातो; खेड्यात मात्र फीत कोठल्या ओट्यावरून घेतली आहे, हे चार जण एका दृष्टिक्षेपात सांगतात. ‘सी-व्हिजिल’मध्ये नाव न देता तक्रार करण्याची मुभा ठेवली आहे, ती यासाठीच. पण तक्रारीची चौकशी करावयास आलेल्या कर्मचाऱ्याने चावडीवर बसून पहिला प्रश्न “तक्रार कोणी केली?” असाच विचारला, तर त्या मुभेला काय अर्थ उरला? काय घडले, केव्हा घडले, कोणासमोर घडले, हे त्याने विचारावे. नाव त्याच्या कागदांत असले, तरी ते तेथेच राहू द्यावे.