‘टेरियर’ इंजिनांची दीर्घ सेवा

यंत्राची थोरवी त्याच्या आकारावरून ठरविण्याची सवय सार्वत्रिक आहे. इंग्लंडमधील ‘टेरियर’ या छोट्या वाफेच्या इंजिनांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

विल्यम स्ट्राउडली यांनी १८७० मध्ये लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेच्या इंजिन विभागाची सूत्रे हाती घेतली. दक्षिण लंडनच्या उपनगरांत स्थानके जवळजवळ होती आणि काही मार्गांचे रूळ हलके होते. तेथे जड इंजिन गैरसोयीचे ठरे. या गरजेतून १८७२ ते १८८० या काळात ब्रायटनच्या कारखान्यात ५० इंजिने तयार झाली. प्रत्येकाचे वजन सुमारे २८ टन, चाके सहा आणि त्यांचा व्यास चार फूट. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना बसविलेल्या असल्याने कोळसा-पाण्याचा वेगळा डबा जोडावा लागत नसे. इंजिन न वळविता दोन्ही दिशांना धावू शके. धुराड्यातून निघणाऱ्या भुंकण्यासारख्या आवाजावरून त्यांना ‘टेरियर’ कुत्र्याचे नाव मिळाले.

स्ट्राउडली यांनी निगेची शिस्तही घालून दिली. इंजिन शक्यतो एकाच चालकाकडे सोपवावे आणि त्याचे नाव चालककक्षात रंगवावे, अशी त्यांची पद्धत होती. जबाबदारी कोणाची, याविषयी त्यामुळे संदेह उरत नसे. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ‘ब्रायटन’ या इंजिनास सुवर्णपदक मिळाले.

पुढे उपनगरी गाड्या जड झाल्या आणि ही इंजिने मागे पडली. काही मोडीत निघाली, काही विकली गेली. तथापि जेथे मोठ्या इंजिनांना मज्जाव होता, अशा हलक्या मार्गांवर त्यांना नवे काम मिळाले. १९११ पासून अनेकांना नवे बॉयलर बसविण्यात आले.

हेलिंग बेटाकडे जाणारा मार्ग हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील लँगस्टनचा लाकडी पूल जड इंजिनांचा भार सोसू शकत नव्हता. म्हणून गाड्या टेरियरच ओढीत. अखेर पुलाच्या दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही असे ठरले आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये मार्ग बंद झाला. त्या वेळी तेथे धावणारे ‘फेंचर्च’ हे इंजिन १८७२ चे, म्हणजे ९१ वर्षांचे होते. इंजिन टिकले, पूल टिकला नाही.

पन्नासांपैकी दहा इंजिने जतन झाली असून त्यांपैकी एक कॅनडातील संग्रहालयात आहे.

कामाला साजेसे साधन आणि त्याची नियमित निगा यांमुळे ही इंजिने दीर्घकाळ उपयोगी पडली. परंतु साधन कितीही उत्तम असले, तरी ते ज्या मार्गावर चालते त्याची डागडुजी टळत नाही. सार्वजनिक मालमत्तेची जबाबदारी वाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे.