निवड तिथली, मान्यता सगळ्यांची

गटाची अध्यक्ष निवडताना आपण काय बघतो? हिशेब चोख आहे का, बैठकीला वेळेवर येते का, अडीनडीला धावून जाते का. तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणतं, "पण तिच्या घरचं ऐकलंत ना?" आणि सगळं बोलणं तिकडेच वळतं. आज आम्ही अशाच एका निवडीची गोष्ट सांगणार आहोत. ती घडली अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये. हे चर्च जगभर पसरलेल्या अँग्लिकन परिवारातलं आहे. १९७० साली नागपुरात स्थापन झालेलं आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही त्याच परिवारातलं.

बिशप म्हणजे एका भागातल्या सगळ्या चर्चचे प्रमुख. एपिस्कोपल चर्चमध्ये बिशप वरून नेमून येत नाहीत. त्या भागातले धर्मगुरू आणि साधे सभासद, दोघंही मतदान करून त्यांना निवडतात. पण तेवढ्यानं भागत नाही. देशभरातल्या बाकीच्या भागांनीही त्या निवडीला मान्यता द्यावी लागते. गटानं नाव सुचवायचं आणि संघानं ते मंजूर करायचं, तसंच काहीसं.

जून २००३ मध्ये न्यू हॅम्पशायर या राज्यातल्या लोकांनी जीन रॉबिन्सन यांना निवडलं. ते केंटकीतल्या तंबाखूची शेती करणाऱ्या गरीब घरातले, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचे. न्यू हॅम्पशायरच्या आधीच्या बिशपांच्या हाताखाली त्यांनी पंधराहून जास्त वर्षं काम केलं होतं, त्यामुळे गावोगावची चर्च त्यांना ओळखत होती. त्यांचा घटस्फोट झालेला होता, दोन मुली होत्या. आणि ते समलिंगी होते. आपल्या पुरुष जोडीदारासोबत राहत होते आणि ते कुणापासून लपवलेलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात मिनियापोलिस शहरात चर्चचं मोठं अधिवेशन भरलं आणि मान्यतेचा प्रश्न तिथे आला. विरोधकांचं म्हणणं असं : बायबलप्रमाणे लग्न स्त्री-पुरुषाचंच. शिवाय बिशप एका राज्याचा नसतो, साऱ्या चर्चचा असतो. मग आफ्रिकेतल्या, आशियातल्या चर्चना जे पटत नाही ते आपण एकट्यानं कसं ठरवायचं? बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं असं : ज्यांना या माणसाबरोबर रोज काम करायचंय त्यांनी पारखून, नियमानं निवडलंय. त्यांच्या मताला किंमत नाही का?

धर्मगुरू आणि सभासदांच्या सभागृहानं होकार दिला. आता बिशपांचं मतदान उरलं होतं. ऐनवेळी रॉबिन्सन यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप आला. मतदान थांबवलं गेलं. एका बिशपांनी चौकशी केली, आरोपात तथ्य आढळलं नाही. मगच ५ ऑगस्टला मतं मोजली : बाजूनं ६२, विरोधात ४३.

नोव्हेंबरमध्ये दीक्षाविधी झाला, तोही विद्यापीठाच्या मोठ्या क्रीडागृहात. धमक्या आल्या होत्या, म्हणून रॉबिन्सन यांनी झग्याच्या आत गोळी अडवणारं जाकीट घातलं होतं. विधीत "कुणाची हरकत आहे का?" असं विचारण्याची रीत आहे. काही जण उठले, त्यांना बोलू दिलं, आणि मग विधी पुढे झाला.

मैत्रिणींनो, हे जाकीट आम्हाला आणखी एका बिशपची आठवण देतं. १९८९ साली बार्बरा हॅरिस अँग्लिकन परिवारातल्या पहिल्या महिला बिशप झाल्या. त्या कृष्णवर्णीय होत्या, घटस्फोटित होत्या. बाई बिशप होऊच शकत नाही, अशा हरकती तेव्हाही आल्या. धमक्याही आल्या. जाकीट मात्र त्यांनी घातलं नाही.

मान्यता मिळाली म्हणून भांडण मिटलं नाही. नायजेरिया, युगांडा इथल्या चर्चनी अमेरिकेतल्या चर्चशी संबंध तोडले. २००८ साली जगभरच्या अँग्लिकन बिशपांची मोठी परिषद इंग्लंडमध्ये भरली, तिचं बोलावणं रॉबिन्सन यांना नव्हतं. २००९ मध्ये नाराज मंडळींनी अमेरिकेत वेगळं चर्च उभं केलं. पिढ्यान्‌पिढ्या एका बाकावर बसणारी माणसं वेगळी झाली. हे दुःख दोन्हीकडचं होतं.

मग यातून आपण काय घ्यायचं? आम्हाला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. आरोप झाला तेव्हा तो दाबला नाही आणि कुजबुजीवर निकालही दिला नाही. काम थांबवून चौकशी केली. आपल्याकडे बाईवर आळ आला की चौकशीच्या आधीच तिचं पद जातं, हे आपण जाणतो. दुसरं, हरकत घेणाऱ्याला भर सभेत उभं राहून बोलता आलं. पाठीमागे बोलण्यापेक्षा ते बरं.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच बोला : आपण माणूस निवडतो तेव्हा त्याचं काम किती मोजतो आणि त्याचं घर किती? आणि ज्यांना त्या माणसाबरोबर काम करायचंय त्यांचा शब्द वरचा, की लांबच्यांचा? मतं वेगळी निघतील. निघू द्या. सगळ्यांचं ऐकून घ्या, आणि चहा मात्र एकत्रच घ्या.