सामायिक स्मृतीचे वाचन
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या स्मृती आज जागवल्या जात असताना मी एका निराळ्या स्मृतीविषयी बोलणार आहे. ती संगणकाची स्मृती, म्हणजे मेमरी. एकाच स्मृतीत अनेक प्रोसेसर एकाच वेळी लिहीत असतील, तर प्रत्येक नोंद बिनचूक वाचूनही वाचणारा खोट्या निष्कर्षावर पोहोचू शकतो. ते कसे, हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो.

एका कोठाराच्या दाराशी दोन पहारेकऱ्यांच्या दोन पाट्या आहेत. 'हजर' की 'गैरहजर', हे ज्याने त्याने आपल्या पाटीवर लिहावयाचे. नियम असा, की दुसऱ्याने 'हजर' लिहिल्याखेरीज पहिल्याने जावयाचे नाही. तपासनीस आधी दुसरी पाटी पाहतो; तीवर 'गैरहजर'. तो पहिल्या पाटीकडे वळेपर्यंत दुसरा कामावर येतो आणि पहिला 'गैरहजर' लिहून घरी जातो. तपासनीस शेरा मारतो : कोठार वाऱ्यावर! वास्तविक असा क्षण कधी आलाच नव्हता.

वाचताना पाट्यांना कुलूप घालावे, हा एक उपाय. परंतु किल्ली घेतलेलाच मध्ये अडकला, तर सर्वांचे काम खोळंबते. कुलपावाचूनचा मार्ग येहूदा आफेक, हागित अत्तिया, डॅनी डोलेव्ह, एली गाफनी, मायकेल मेरिट आणि निर शावित या सहा संशोधकांनी १९९३ साली 'जर्नल ऑफ द एसीएम'मध्ये मांडला. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक द्यावा आणि सर्व नोंदी लागोपाठ दोनदा वाचाव्यात. एकही अनुक्रमांक बदलला नसेल, तर दोन वाचनांच्या मधल्या क्षणी त्या साऱ्या नोंदी एकत्र नांदत होत्या, हे निश्चित. बदलला असेल, तर पुन्हा वाचावे.

पण लिहिणारे थांबलेच नाहीत तर? येथे लिहिणाऱ्यावर एक कर्तव्य येते. आपली नोंद करण्यापूर्वी त्यानेही सर्व नोंदींचे असेच चित्र घ्यावे व ते नोंदीसोबत ठेवावे. माझे वाचन चालू असताना एखाद्याने दोनदा लिहिले, तर त्याचे दुसरे चित्र संपूर्णपणे माझ्याच अवधीत घेतलेले असते. ते मी निःशंकपणे स्वीकारावे. लिहिणारे तीन असतील, तर चौथ्या पडताळणीला निकाल लागतोच.

ज्याच्या लेखनामुळे वाचकाची अडवणूक होते, त्याच्याच हाती वाचकाची सुटका सोपविली आहे. या युक्तीचे मर्म ते हेच.