महाराणी चिमणाबाई : आई आणि आजी



बडोद्यात मराठी माणसांची सभा भरली की सयाजीराव महाराजांचे नाव निघतेच, आणि ते निघायलाच हवे. पण त्या नावाशेजारचे दुसरे नाव आपण विसरत चाललो आहोत. रावपुऱ्याचा टॉवर दाखवून आपण नातवंडांना सांगतो, "हा चिमणाबाईंचा." तो आहे महाराजांच्या पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ, १८९६ सालचा. आज आम्ही बोलणार आहोत त्या दुसऱ्या चिमणाबाईंविषयी. त्या माहेरच्या देवासच्या गजराबाई घाटगे. १८८५ मध्ये, अगदी कोवळ्या वयात, त्या या गावच्या सून झाल्या.

त्यांचे शिक्षण झाले ते लग्नानंतर, राजवाड्यात. महाराजांनी ते घडवून आणले, याचे श्रेय त्यांना आहेच. पण शिकवलेली प्रत्येक सून पुढे स्वतःच्या विचाराने चालू लागते असे नाही. या चालू लागल्या. १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयी इंग्रजीत पुस्तक आले, त्यावर सहलेखिका म्हणून त्यांचे नाव होते. १९१४ मध्ये त्यांनी पडदा सोडला. त्याच वर्षी आपल्या शहरात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झाले. बाईच्या हाताला काम मिळाले की तिच्या शब्दाला घरात वजन येते, हे त्यांनी ओळखले होते.

इथपर्यंतचे चरित्र भाषणात सांगायला सोपे आहे. अवघड भाग त्यांच्या घरातला आहे.

त्यांना तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी इंदिराराजे. तिला त्यांनी शाळा-कॉलेजात घातले, त्या काळच्या राजघराण्यात हे नवलच होते. मग तिचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरले. स्थळ मोठे, मराठा घराणे. पण त्या घरी पडदा कडक होता आणि महाराजांना पहिली पत्नी होती. इंदिराराजेंना कुचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण आवडले होते. त्यांनी स्वतः ग्वाल्हेरला पत्र लिहून ठरलेले लग्न मोडले. आईवडिलांनी कडाडून विरोध केला. १९१३ मध्ये लंडनला लग्न झाले, तेव्हा बडोद्याचे आईवडील तिथे नव्हते.

बंधु-भगिनींनो, मुलीने पडद्याचे घर नाकारले १९१३ मध्ये आणि आईने स्वतःचा पडदा सोडला १९१४ मध्ये. स्त्रियांनी आपल्या मनाने जगावे असे सांगणाऱ्या बाईंना स्वतःच्या लेकीचे मन मान्य करणे जड गेले. हे झाकून ठेवावे असे आम्हाला वाटत नाही. कोणत्या आईला हे सोपे जाते? लेकीला बोलायला शिकवले की ती पहिला शब्द आपल्यालाच उलटून बोलते. चिमणाबाईंचे मोठेपण असे की दार कायमचे लागले नाही. इंदिराराजेंच्या मुलांना बडोदा हे हक्काचे आजोळ राहिले. लक्ष्मीविलास राजवाड्यात ती नातवंडे येत, राहत. १९२२ मध्ये जितेंद्र नारायण वारले आणि मुलगा लहान असल्यामुळे इंदिराराजेंनी रीजंट म्हणून कुचबिहारचा कारभार पाहिला.

आईच्या वाट्याला आलेले दुःखही थोडे नव्हते. शिवाजीराव १९१९ मध्ये गेले, जयसिंहराव १९२३ मध्ये. दोन तरुण मुलगे गमावलेली ही बाई जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी बसली. मुलींच्या शिक्षणासाठी देशभरच्या स्त्रिया तिथे जमल्या होत्या. पुढे १९३९ मध्ये महाराज गेले आणि १९४० मध्ये तिसरे पुत्र धैर्यशीलराव. चिमणाबाई १९५८ पर्यंत जगल्या. बडोदे संस्थान विलीन झालेले त्यांनी पाहिले.

त्यांची नात गायत्रीदेवी १९४० मध्ये जयपूरची महाराणी झाली. पडद्याच्या त्या शहरात तिने १९४३ मध्ये मुलींची शाळा काढली. १९६२ मध्ये ती प्रचंड मताधिक्याने लोकसभेवर निवडून आली आणि १९७५ मध्ये आणीबाणीत तिहार तुरुंगातही राहिली. तिच्या राजकारणाशी आपण सहमत असू वा नसू, पण कोणापुढे मान खाली घालायची नाही हे वळण तिला घरातूनच मिळाले होते.

आता आपल्याविषयी. अशी आजी भिंतीवरच्या तसबिरीत असली की आपण हार घालतो. घरात असली, सभेत उठून प्रश्न विचारू लागली, की तिला "बसा हो" म्हणतो. आपल्या बहुतेक मंडळांत हळदीकुंकू, रांगोळी आणि फराळ बायकांकडे, आणि हिशेब, ठराव व निवडणूक पुरुषांकडे. मराठी शाळा टिकावी, नातवंडांनी मराठी बोलावे, असे ठराव आपण दरवर्षी करतो. पण ती भाषा नातवंडांच्या कानावर रोज कोण घालते? तीच आजी. मग ठराव लिहिताना ती टेबलाशी का नको?

आमची मागणी साधी आहे. येत्या कार्यकारिणीत निम्म्या जागा भगिनींना द्या, आणि त्या नावापुरत्या नकोत. त्या आपल्याला विरोध करतील, हे गृहीत धरूनच द्या. चिमणाबाईंचे स्मरण याहून चांगले होणार नाही.