छायाचित्रावरची कात्री



वैशाख लागला की भिगवणचा पाणवठा शांत होऊ लागतो. हिवाळ्यात आलेले पाहुणे बहुतेक उत्तरेकडे परतलेले असतात आणि आपल्या हाती उरतात ती त्यांची छायाचित्रे. ती घरी संगणकावर पाहावीत तर चिखल भरपूर, पाणी भरपूर आणि मध्ये पक्षी शेंगदाण्याएवढा! मग कात्री हाती घ्यावीच लागते. ती कोठे चालवावी आणि कोठे चालवू नये, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

पहिली गोष्ट हिशेबाची. कॅमेऱ्याचे चित्र ६००० बिंदू रुंद व ४००० बिंदू उंच असेल, तर एकूण बिंदू २ कोटी ४० लाख होतात. लांबी-रुंदी निम्मी केली की उरतात ६० लाख. इंचाला ३०० बिंदू धरले, तर त्यातून १० इंच रुंदीचे छापील चित्र निघते. पुन्हा निम्मे कराल तर पाचच इंच. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून क्रम सांभाळावा. आधी पाण्याची रेघ सरळ करावी. ती कलती राहिली तर तळे सांडते आहे असे वाटते. चित्र फिरवताना कोपरे जातात, म्हणून कापणे त्यानंतर. पक्षी ज्या दिशेला पाहत असेल तिकडे मोकळी जागा ठेवावी. आणि शेकाट्याचे पाय कधी तोडू नयेत. त्याचे लांब गुलाबी पाय हेच त्याचे वैभव! पाण्यातले प्रतिबिंब घ्यायचे तर पुरते घ्यावे. मानेशी कापलेले प्रतिबिंब डोळ्याला खुपते.

आता उजेड. शेकाट्या काळा-पांढरा. पांढरे पोट उन्हात पार जळून गेले, तर तेथील पिसांची नोंदच होत नाही, आणि नसलेली नोंद कोणतीही युक्ती परत आणू शकत नाही. काळ्या पाठीतला तपशील मात्र थोडाफार वर काढता येतो. म्हणून टिपतानाच पांढऱ्याला जपावे. पुढे धार चढवतानाही हात आखडता ठेवावा. अति तेथे माती!

येथवर कोणाचा वाद नाही. जुन्या अंधाऱ्या खोलीतले छायाचित्रकारही कापत होते, हाताची सावली धरून उजेड कमी-अधिक करीत होते. प्रश्न पुढचा आहे. संध्याकाळच्या तांबूस प्रकाशात रंग आणखी गडद केला, तर काय बिघडले? बिघडते ते असे. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे दोन चिमुकले पक्षी ओळखताना पायांकडे पाहावे लागते. पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळसर. रंगाची कळ जरा जास्त फिरली की एका पक्ष्याचा दुसरा होतो.

त्याहून गंभीर गोष्ट पायातल्या वाळ्याची. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ साली डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना वाळी घालून स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला. आज काही पक्ष्यांच्या पायांत रंगीत पट्ट्या असतात व त्यांवर अक्षरे असतात. चित्रात ती वाचता आली, तर तो पक्षी कोठे पकडला होता याचा माग लागतो. आणि आपण काय करतो? पट्टी विद्रूप दिसते म्हणून ती पुसून टाकतो! हजारो कोस उडून आलेल्या जिवाचा पत्ताच आपण खोडला.

१९८२ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’ने मुखपृष्ठावर चित्र नीट बसावे म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. त्यावर मोठी टीका झाली. दगडाच्या बाबतीत हे, तर जिवंत पक्ष्याच्या बाबतीत किती जपायला हवे? आज तर यंत्रे नसलेली पिसेही रेखाटून देतात. अशी पिसे शोभेला चालतील; पुराव्याला नव्हे.

तेव्हा आमचे मागणे इतकेच: पसारा कापा, उजेड सावरा, पण पक्ष्याच्या अंगावरचे काही पुसू नका आणि काही चिकटवू नका. मूळ चित्र जसेच्या तसे वेगळे जपून ठेवा. आपली कात्री कडेने चालावी. साक्षीदाराच्या जिभेवर नव्हे.