‘रेंज नाही’ या तक्रारीचे निदान



खेड्यापाड्यांतून अलीकडे एक तक्रार वरचेवर कानी येते. ‘रेंज नाही’ ही ती तक्रार होय. या दोन शब्दांत निदान पाच-सहा निरनिराळे बिघाड दडलेले असतात आणि त्यांपैकी काहींचा मोबाईलच्या मनोऱ्याशी काडीमात्र संबंध नसतो. कोणाचे सिमकार्ड जागचे सरकलेले असते, कोणाचे रिचार्ज संपलेले असते, कोणाचा क्रमांक मुळात बंदच झालेला असतो, तर कोणाच्या वाडीवर खरोखरीच एकाही मनोऱ्याची लहर पोहोचत नसते. शब्द मात्र एकच, आणि त्यामुळे उपायही एकच केला जातो. मोबाईल घेऊन माणूस तालुक्याच्या गावी जातो, दुकानदार ते यंत्र उलटेपालटे करून पाहतो, सांगेल ते पैसे द्यावे लागतात आणि दिवसाची मजुरी बुडते ती निराळीच.

पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीस तत्कालीन दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले आणि देशात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ झाला. त्या काळी ही चैनीची वस्तू होती. आज तिचे स्वरूप पार पालटले आहे. ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याला मोबाईलवरून करावी लागते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतील भगिनींना २०२५ मध्ये ई-केवायसी करावयाचे होते, तेव्हा आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक, म्हणजेच ओटीपी, हाती आल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नव्हते. अशा वेळी मोबाईल मुका झाला की हक्काची रक्कमच अडते. मग तो मोबाईल येतो शाळेतील शिक्षकाच्या किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या टेबलावर. म्हणूनच या मंडळींना निदानाची रीत ठाऊक असणे अगत्याचे झाले आहे.

घरातील दिवा लागेनासा झाला म्हणजे जाणता वायरमन आधी शेजारच्या घरात वीज आहे किंवा नाही हे पाहतो, मग फ्यूज तपासतो आणि दिव्याला हात लावतो तो सर्वांत शेवटी. मोबाईलच्या बाबतीतही हाच क्रम उपयोगी पडतो. यंत्र, सिमकार्ड आणि मनोरा हे या साखळीचे तीन दुवे. ज्या कंपनीचे सिमकार्ड आहे त्याच कंपनीचा दुसरा मोबाईल त्याच जागी उभे राहून पाहावा. त्यालाही नेटवर्क नसेल तर दोष बहुधा मनोऱ्याकडे आहे आणि हातातले यंत्र उघडण्याचे कारण नाही. त्याला नेटवर्क असेल तर दोन्ही यंत्रे बंद करून सिमकार्डांची अदलाबदल करावी. बिघडलेल्या मोबाईलमधील सिमकार्ड दुसऱ्या यंत्रात चालले तर दोष यंत्रात आहे; तेथेही ते चालले नाही तर दोष सिमकार्डात किंवा कंपनीकडील खात्यात आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने तालुक्याच्या कितीतरी फेऱ्या वाचतात. मात्र ती चालू असताना पैशांच्या देवघेवीचे ॲप उघडू नये, कारण सिमकार्ड बदलताच अशी ॲप नव्याने पडताळणी मागतात. अनोळखी माणसाच्या हाती सिमकार्ड देऊ नये, हे सांगावयास नकोच.

यंत्र स्वतःही पुष्कळ काही सांगत असते. ते वाचले मात्र जात नाही. पडद्यावर ‘नो सिम’ असे शब्द आले तर मनोऱ्याला दोष देणे व्यर्थ आहे. सिमकार्ड काढून कोरड्या मऊ फडक्याने पुसून नीट बसवावे. ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ या शब्दांचा अर्थ निराळा. या जागी कोणत्या तरी कंपनीचा मनोरा यंत्राला ऐकू येत आहे, पण स्वतःच्या कंपनीकडे त्याची नोंद होत नाही, असा तो निरोप आहे. अशा स्थितीत ११२ हा आपत्कालीन क्रमांक अन्य कंपनीच्या मनोऱ्यावरूनही लागू शकतो. अपघात झाला असता ‘रेंज नाही’ म्हणून हा क्रमांक न फिरवताच बसून राहण्यासारखी दुसरी चूक नाही.

कोपऱ्यातील चढत्या रेघा पूर्ण दिसतात आणि तरीही इंटरनेट चालत नाही, ही तक्रार सर्वांत बुचकळ्यात टाकणारी असते. मनोऱ्याचा आवाज किती मोठा येतो एवढेच त्या रेघा सांगतात. मनोऱ्यावर गर्दी किती आहे हे त्या सांगत नाहीत. आषाढीला पंढरपुरात किंवा गावच्या जत्रेत याचा प्रत्यय येतो. पण गर्दीचा दिवस नसेल तर आधी दिवसाचा डेटा संपला आहे का ते पाहावे. बहुतेक योजनांत रोजचा वाटा संपला की वेग नाममात्र उरतो आणि मध्यरात्रीनंतर तो पूर्ववत होतो. दोन सिमकार्डांच्या मोबाईलमध्ये डेटा भलत्याच सिमवर सुरू केलेला असतो, हेही नेहमीचे. याखेरीज ‘एपीएन’ या नावाची एक नोंद सेटिंगमध्ये असते. जिओसाठी ती ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ अशी इंग्रजी अक्षरांत असावी लागते. ती चुकली की फोन लागतो, पण इंटरनेट मिळत नाही.

याउलट इंटरनेट चालते आणि फोन मात्र लागत नाही, असेही घडते. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने २जी किंवा ३जीचे जाळे उभारलेलेच नाही. त्यामुळे जुन्या यंत्रात ‘व्होल्टी’ची सोय नसेल किंवा ती बंद ठेवलेली असेल तर साधे संभाषणही होत नाही. सेटिंगमध्ये हा एक पर्याय चालू केला आणि कित्येक महिन्यांचा मुका मोबाईल बोलू लागला, असे होऊ शकते.

आता ओटीपीचा प्रश्न. इतर सर्व चालते आणि ओटीपीच येत नाही, तेव्हा नेटवर्कला बोल लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. तो संदेश ‘स्पॅम’च्या कप्प्यात तर गेला नाही? सिमकार्ड नुकतेच बदलून घेतले आहे काय? फसवणूक टाळण्यासाठी नव्या सिमकार्डावर पहिले २४ तास संदेशसेवा बंद ठेवण्याचा नियम आहे. ते २४ तास थांबण्याखेरीज इलाज नाही. आणि तिसरी गोष्ट, सर्वांत महत्त्वाची. आधारशी जोडलेला क्रमांक हाच आहे काय? ऊसतोडीसाठी बीड किंवा अहिल्यानगरकडील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात ती उन्हाळ्यात परततात. घरी ठेवलेल्या जुन्या मोबाईलला या काळात कोणी हात लावत नाही. ९० दिवस कोणताही वापर झाला नाही तर कंपनी क्रमांक बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून ३० दिवसांची वाढीव मुदत मिळते. बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग शासनाचा ओटीपी वेळच्या वेळी निघतो, पोहोचतोही, पण तो एखाद्या परक्याच्या हाती. इकडे मायबाप मात्र डोंगरावर चढून रेंज शोधीत बसतात. या रोगावर आधारमध्ये चालू क्रमांक नोंदविणे एवढे एकच औषध आहे. शिक्षकांनी पालकांचे क्रमांक दरवर्षी नव्याने विचारून घेतले तर असे बंद क्रमांक पुष्कळ आधी ध्यानात येतील.

एक धोक्याची खूण येथेच सांगितली पाहिजे. त्याच कंपनीच्या इतर मोबाईलना नेटवर्क आहे आणि आपल्याच मोबाईलचे ते अचानक गेले व परत येईना, तर आपल्या नावावर कोणी दुसरे सिमकार्ड काढले नाही ना, याची कंपनीकडे तत्काळ चौकशी करावी. तसे घडले असल्यास बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर नोंद करावी. ‘ट्राय’च्या नावाने फोन करून तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होईल, अशी धमकी देणारे मात्र भामटे होत. ट्राय ग्राहकांना असे फोन करीत नाही, हे तिने वेळोवेळी जाहीर केले आहे.

दोष यंत्रातच आहे असे ठरले तर उपाय सौम्यापासून सुरू करावेत. फ्लाइट मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करावा, म्हणजे यंत्र मनोऱ्याकडे नव्याने नोंद करते. ते पुरले नाही तर मोबाईल बंद करून पुन्हा सुरू करावा. नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’ आहे का ते पाहावे. प्रवासात कोणी ती हाताने बदललेली असते. ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’ हा त्यानंतरचा उपाय. त्याने वाय-फायचे साठविलेले पासवर्ड पुसले जातात, छायाचित्रे जात नाहीत. परंतु दुकानात पहिला उपाय म्हणून जे ‘फॉरमॅट’ सुचविले जाते त्याने सारेच पुसले जाते, आणि रेंजच्या तक्रारीसाठी त्याची गरज क्वचितच पडते. जुना मोबाईल विकत घेतला असेल तर तो चोरीचा म्हणून रोखलेला असण्याचा संभव ध्यानी घ्यावा. हरवलेले मोबाईल सर्व कंपन्यांच्या जाळ्यांवर रोखण्याची केंद्रीय व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाली. तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट ही बटणे दाबली की यंत्राचा १५ अंकी क्रमांक दिसतो. ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा सोडून हा क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास यंत्राची खरी स्थिती कळते. ही चौकशी पैसे मोजण्यापूर्वी करावी.

मनोऱ्याकडील दोष मात्र घरी दुरुस्त होण्यासारखा नसतो, पण तो मोजता येतो. सेटिंगमधील ‘सिम स्टेटस’ येथे उणे चिन्हाचा एक आकडा दिसतो. ४जीच्या बाबतीत उणे ८५ हा आकडा चांगला, उणे ११५ हा क्षीण. हा फरक ३० अंकांचा दिसला तरी दर १० अंकांनी शक्ती दहापट घटत असल्याने प्रत्यक्षात तो हजारपटींचा असतो. हा आकडा पाहत घराभोवती फिरावे. पत्र्याच्या छपराखाली आणि जाड भिंतींआड तो कोसळतो, तर ओसरीच्या एखाद्या कोपऱ्यात सावरतो. सह्याद्रीच्या किंवा सातपुड्याच्या कुशीतील वाड्यांना मनोरा जवळ असूनही नेटवर्क मिळत नाही, ते मधल्या डोंगरसोंडेमुळे. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पावसाने रेंज जाते ही समजूतही अर्धवट खरी आहे. मोबाईल ते मनोरा या टप्प्यात पावसाचा अडथळा किरकोळ असतो. बंद पडतो तो मनोऱ्याचा वीजपुरवठा, किंवा तुटते ती मनोऱ्यापर्यंत येणारी तार. वीज गेल्यावर दोन-चार तासांनी नेटवर्क जात असेल तर मनोऱ्याच्या बॅटऱ्या पुरत नाहीत, असे बहुधा समजावे. ग्रामपंचायतीत चांगले वाय-फाय असेल तर ‘वाय-फाय कॉलिंग’ची सोय असलेल्या मोबाईलवर नेटवर्कविना बोलता येते. परवान्याविना ‘बूस्टर’ बसविणे मात्र बेकायदा आहे, आणि एका घरावरील अशा यंत्राने शेजारच्या दहा घरांचे नेटवर्क बिघडते.

तक्रार करावयाची ती या आकड्यांसह. ‘गावात रेंज नाही’ या अर्जाला कंपनीकडे उत्तर नसते. कोणत्या कंपनीचे नेटवर्क, कोणत्या वाडीत, कोणत्या तारखांना, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत गेले आणि तेव्हा वीज होती किंवा नव्हती, अशी एक वही ग्रामपंचायतीने महिनाभर ठेवली तर तिचे वजन दहा अर्जांहून अधिक पडते. २०२४ च्या नियमांनुसार आपली सेवा कोठे पोहोचते याचे नकाशे कंपन्यांना संकेतस्थळावर दाखवावे लागतात. नकाशात गाव रंगविलेले आणि गावात नेटवर्क नाही, अशी स्थिती असेल तर त्या नकाशाची प्रत तक्रारीस जोडावी. नकाशातही गाव कोरे असेल तर प्रश्न बिघाडाचा नसून नव्या मनोऱ्याचा आहे, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जिल्हा प्रशासनामार्फत पुढे गेला पाहिजे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातील २४,६८० वंचित गावांसाठी ४जी सेवेची योजना मंजूर केली होती. त्या यादीत आपले गाव होते काय, हे प्रथम विचारावे.

बिघाडाची तक्रार १९८ या क्रमांकावर विनामूल्य नोंदविता येते. नोंदीचा क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवावा. त्याविना पुढील दार उघडत नाही. पुष्कळदा काही दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश येतो आणि नेटवर्क आहे तसेच राहते. त्या वेळी गप्प बसू नये. त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते, त्यास शुल्क पडत नाही, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत देणे कंपनीवर बंधनकारक आहे.