यंत्रमानव आणि हृदयाची झडप

श्रोतेहो, रोबोटने हृदयाची शस्त्रक्रिया केली, असे वाचले की डॉक्टरांविना आपोआप चालणारे एखादे यंत्र डोळ्यांसमोर येते. तसे काही नसते. हा यंत्रमानव स्वतःच्या मनाने एक टाकाही घालत नाही. सर्जन रुग्णापासून थोड्या अंतरावर बसून पडद्यावर हृदय पाहतात, हातांनी मुठी फिरवतात आणि रुग्णाच्या छातीतील बारीक हत्यारे तशीच फिरतात. हाताची थरथर मात्र यंत्र गाळून टाकते.

पण आधी आजार समजून घेऊ. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये मायट्रल नावाची दोन पाकळ्यांची झडप असते. लहानपणी घसा दुखून पुढे सांधेताप झाला, तर कधी कधी या पाकळ्या जाड होऊन चिकटतात आणि झडप अरुंद होते. कधी पाकळीला धरून ठेवणारी दोरी तुटते आणि झडप गळू लागते. जिना चढताना धाप लागते, रात्री उशाला दोन-तीन उशा घ्याव्या लागतात. नेमके काय बिघडले आहे, हे सोनोग्राफीसारखी इको तपासणी सांगते.

अरुंद झडपेसाठी पुष्कळदा शस्त्रक्रियाच लागत नाही. मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करता येते. जपानचे डॉ. कांजी इनोऊए यांनी १९८४ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. झडप फुग्याजोगी असताना कोणी थेट रोबोटचे नाव काढले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे.

झडप फार गळत असेल, तर ती दुरुस्त होईल की बदलावी लागेल, हा खरा प्रश्न. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्ततपासणी जन्मभर मागे लागते. तरुण स्त्रीला पुढे दिवस राहिले, तर त्या गोळीने गर्भाला धोका असतो. म्हणून दुरुस्तीचे मोल मोठे.

ही दुरुस्ती यंत्राच्या साहाय्याने पॅरिसमध्ये १९९८ साली डॉ. अलँ कार्पांतिए यांनी केली. अमेरिकेत २००२ मध्ये तिला परवानगी मिळाली. यात छातीचे मधले हाड कापत नाहीत, उजव्या बरगड्यांमधील छोट्या छिद्रांतून काम होते. दुखणे कमी, कामावर परतणे लवकर. मात्र हृदय थांबवावेच लागते आणि हार्ट-लंग मशीनही लागते, ते बहुधा जांघेतील रक्तवाहिन्यांतून जोडतात. त्या वाहिन्या खराब असतील, किंवा जुन्या क्षयाने फुफ्फुस छातीला चिकटले असेल, तर हा मार्ग अवघड.

माझे मत विचाराल, तर शंभर झडपा हाताने दुरुस्त केलेला सर्जन मला नव्या यंत्रावर नुकत्याच बसलेल्या सर्जनपेक्षा जवळचा वाटतो. व्रण छोटा राहावा एवढ्यासाठी शेत गहाण टाकू नये. 'अशा किती दुरुस्त्या तुम्ही केल्यात?' हे डॉक्टरांना विचारायला संकोच कसला?

आणि सांधेतापाच्या रुग्णांनो, झडप कोणत्याही मार्गाने नीट झाली, तरी दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.